काळ्या टी-शर्टांचा बंदोबस्त

दुपारचे साडेतीन वाजले होते. जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या मैदानावर मंच तयार होता, स्पीकर तयार होते, पहिल्या रांगेतले सोफेही मांडून झाले होते. प्रेक्षक मात्र गेटबाहेर रस्त्यावर उभे होते आणि पोलीस त्यांना आत सोडत नव्हते.

मी गेटवर पोचलो. टीआय तिवारी, म्हणजे तिथल्या ठाण्याचे प्रमुख, खुर्ची टाकून बसले होते.

"तिवारीजी, पब्लिक को रोका क्यों है?"

"कैसे छोड़ें, मोघेजी? सब काला पहन के आए हैं।"

त्यांनी खिशातून कागद काढला. साडेपाचला उद्घाटनाला मंत्री येणार होते. आदल्या महिन्यात कुठल्याशा सभेत त्यांना कोणीतरी काळे झेंडे दाखवले होते. तेव्हापासून त्यांच्या कार्यक्रमात काळ्या कपड्याला बंदी होती. यादी तपशीलवार होती: झेंडा, टोपी, छत्री, रुमाल, 'इत्यादी'. आमचा सगळा महोत्सव त्या 'इत्यादी'त अडकला होता.

कारण त्या संध्याकाळचा हेडलायनर एक रॉक बँड होता. हेडलायनर म्हणजे ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो, सगळ्यात मोठा कलाकार. रॉक ऐकणारी मुलं काळा टी-शर्ट घालतात. हे मला ठाऊक नव्हतं. हुकूम काढणाऱ्यालाही नव्हतं. मुलांना मात्र पक्कं ठाऊक होतं. जबलपूरच्या प्रत्येक इंजिनियरिंग कॉलेजातून ती तशीच सजून आली होती.

मी एका सरकारी मंडळात होतो आणि या महोत्सवाचा नोडल अधिकारी होतो. ज्याच्या हातात काहीच नसतं पण ज्याचं नाव प्रत्येक कागदावर असतं, त्याला नोडल अधिकारी म्हणतात. माझ्या पदोन्नतीची फाइल माझे वरिष्ठ शर्मा साहेब यांच्या टेबलावर होती. मी त्यांना फोन लावला.

"सर, काले कपड़ों का हुक्म ज़रा..."

"हुक्म नहीं बदलेगा, मोघे।"

"फिर मैदान खाली रहेगा, सर."

"मैदान भी खाली नहीं रहना चाहिए। देख लो।" फोन बंद झाला. रिकाम्या मैदानाचं उद्घाटन झालं, तर त्या फाइलचं पुढे काय होईल हे साहेबांनी न सांगताच सांगितलं होतं.

परत येतो तर बँडची मॅनेजर गौरी वाट बघत होती. पुण्याची मुलगी, हातात वॉकीटॉकी.

"सर, आमचा ड्रमर गेटवर अडकलाय. धुवांधार धबधबा बघायला गेला होता."

"काळा टी-शर्ट?"

"त्याच्याकडे दुसरा कुठला रंगच नाहीये. आणि एक सांगून ठेवते. रिकाम्या खुर्च्यांसमोर बँड वाजवणार नाही. करारात लिहिलंय."

ड्रमरला मी 'कलाकार' म्हणून आत घेतलं. त्याच्यामागे तिवारी स्वतः मंचापर्यंत आले आणि थबकले. मंचाच्या तिन्ही बाजूंना काळे पडदे होते.

"ये क्या है?"

"पर्दा है. लाइट ठीक दिखे इसलिए. हर जगह काला ही होता है."

त्यांनी पडदा ओढून पाहिला. तो पाइपला घट्ट बांधलेला होता. "हिलेगा तो नहीं?"

"नहीं."

"फिर ठीक है. जो हिलता नहीं, वो झंडा नहीं।"

मला हा माणूस एकदम समंजस वाटू लागला. पण माणसांच्या बाबतीत ते ऐकेनात. माणसं हलतात.

आमचे हेडक्लार्क वानखेडे मूळचे अमरावतीकडचे. तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, पण बोलणं तसंच. त्यांनी आधी मुलांना टी-शर्ट उलटे घालायला सांगून पाहिलं.

"काय झालं, वानखेडे?"

"आतूनबी काळेच हायेत जी. पोट्टे हासून राहिले."

मग त्यांना काहीतरी आठवलं. "साहेब, आपल्या सिविल लाइंसच्या गोदामात ते झाडांवाले टी-शर्ट पडले हायेत न?"

वृक्षारोपणाचा एक कार्यक्रम दोन वर्षांपूर्वी ठरला होता. त्या दिवशी झाडं आली नाहीत, टी-शर्ट तेवढे आले. सगळे पांढरे, फ्री साइज. पाठीवर 'हरियाली लाओ', आणि छातीवर हसऱ्या मंत्र्यांचा हातभर फोटो. हेच ते मंत्री.

"जीप घ्या," मी म्हटलं. "जितके आहेत तितके आणा."

वानखेडे जाऊन येईपर्यंत पाच वाजत आले. मुलं कंटाळून घोषणा देऊ लागली होती, त्यात आमच्या मंडळाचं नाव होतं. आम्ही गेटवर खोकी फोडली. अट एकच ठेवली: मंत्री जाईपर्यंत हा वरून घालायचा, मग वाटेल ते करा. मंत्री दीप लावून दहा मिनिटांत निघतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव होता.

एका मुलीने टी-शर्ट उलगडून पाहिला. "अंकल, ये कौन हैं?"

"माननीय मंत्रीजी."

"अच्छा! ये भी गाएँगे क्या?"

साडेपाचला मैदान भरलं होतं. मंत्री गाडीतून उतरले आणि जागीच उभे राहिले. समोर हजारो तरुण, आणि प्रत्येकाच्या छातीवर ते स्वतः. त्यांचे डोळे पाणावले. शर्मा साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आधी कधीच पाहिलं नव्हतं.

दीप लागला. भाषण झालं. मग मंत्री माइकवर म्हणाले, "आज मैं अपने युवाओं के बीच बैठूँगा।" आणि सोफ्यावर बसले.

तीस वर्षांच्या अनुभवाचं हे असं झालं.

मी मंचामागे धावलो. "गौरी, जरा थांबा, मंत्री अजून इथेच आहेत!"

"सर, आधीच उशीर झालाय. बँड वर गेला पण." ड्रमरने काठ्या आपटल्या.

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत मुलांनी दम धरला. मग एकाने पांढरा टी-शर्ट डोक्यावरून काढला आणि हवेत गरगर फिरवला. त्याचं पाहून सगळ्यांनी. बघता बघता मैदान काळं झालं. मी सोफ्यांमागे परतलो होतो, तिवारी माझ्या शेजारी होते. त्यांचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला.

मंत्री उठून मागे वळले. "ये लोग क्या कर रहे हैं?"

शर्मा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यासारखं, नेहमीचं.

"सर," मी म्हणालो, "आपका फोटो लहरा रहे हैं।"

ते खरंच होतं. जे हलत होतं ते पांढरं होतं आणि त्यावर तेच होते. मंत्र्यांनी दोन्ही हात जोडले आणि वर उचलले. मुलांना वाटलं यांना गाणं आवडलं. त्यांनी जोरात आरोळी ठोकली. मंत्री आणखी एक गाणं बसले, मग कानात बोट घालून पण हसत हसत गाडीकडे गेले. तिवारींनी ठाण्याला कळवलं की कार्यक्रम शांततेत पार पडला. ते वाक्य मला नीट ऐकू आलं नाही, कारण तेव्हा गिटार चालू होतं.

पदोन्नती मिळाली. शर्मा साहेबांनी फाइलवर लिहिलं की युवकांमध्ये शासनाची प्रतिमा पोचवण्यात माझं विशेष योगदान आहे.

काळ्या कपड्यांची बंदी उठेल असं मला वाटलं होतं. पुढच्या वर्षी परिपत्रक आलं. बंदी कायम होती. खाली नवा परिच्छेद होता: काळ्या कपड्यात येणाऱ्यांना गेटवर पांढरे टी-शर्ट वाटावेत, आणि ते पहिल्या गाण्यात काढण्याची मुभा असावी. नोकरीत शिकलो ते एवढंच. हुकूम कधी उतरवता येत नाही. त्याच्यावर दुसरा चढवावा लागतो.