नसरीननं हात धुवायला लावले

नसरीन गेली हे मला माझ्या पोरानं, दत्तानं, गोठ्यात येऊन सांगितलं. मी म्हशीखाली बसलेलो होतो. म्हैस पान्हावली होती, मधेच उठता आलं न्हाई. धार काढून झाली, तरी मी तसाच बसून राह्यलो…

धावडा गावात आमच्या शेजारी भाभी राहतात, त्यांची ही लेक. शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. गेल्या उन्हाळ्यात दुखणं घेऊन आईजवळ राहायला आल्ती. त्याच वेळी भोकरदनच्या एका हॉटेलवाल्यानं आमचं दूध बंद केलं होतं. म्हणे, दूध टिकायचं औषध टाकता तुम्ही, हायड्रोजन पेरॉक्साइड. माझी हयात दुधात गेली. गावात माझ्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी कॅनमधलं तांब्याभर दूध घेऊन तिच्याकडं गेलो अन् म्हणालो, "तुझ्या त्या कागदानं बघ अन् सांग सगळ्यांना."

तिच्याजवळ स्वतः केलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. दुधात औषध असलं की निळ्या व्हायच्या. शरीरात अन्न पचवणारी द्रव्यं असतात, तशातल्याच एकाची नक्कल करणारी भुकटी त्या पट्टीवर होती. खरं द्रव्य उन्हात नासतं, ही भुकटी नासत न्हाई. तिच्यात लोखंडाचा एकेक अणू सुटा बसवलेला, असं ती सांगायची.

"एकेकट्याला करमतं का गं त्याला?" मी विचारलं.

ती हसली. "करमत न्हाई म्हणूनच काम करतो, चाचा. गर्दीत ठेवले की आतले नुसते बसून राहतात. पारावरच्या लोकांसारखे."

बोलता बोलता मी बांधावरची मोसंबी सोलून तिच्यापुढं ठेवली. आमच्याकडं त्याशिवाय बसणं होत न्हाई. मंग पट्टी हातात घेतली अन् बोटांसकट दुधात बुडवली. पांढरीच राह्यली. "बघा भाभी!" मी ओरडलो.

नसरीन म्हणाली, "चाचा, हात धुवा."

मला राग आला. माझे हात घाण आहेत का? पण मोसंबीचा आंबट रस निळा रंग खाऊन टाकतो, हे तिला ठाऊक होतं. हात धुऊन दुसरी पट्टी बुडवली. निळी झाली.

"तुझा कागदच खोटा," मी म्हणालो.

"चला मंग गोठ्यात."

भिंतीला धरत, थांबत थांबत ती आली. म्हशीच्या ताज्या धारेत पट्टी घातली, पांढरी. दत्तानं भरून ठेवलेल्या कॅनमध्ये घातली, निळी. दत्तानं मान खाली घातली. भोकरदनपर्यंत उन्हात दूध नासतं म्हणून तोच थोडं थोडं टाकत होता.

आठवडाभर मी तिच्या घरी गेलो न्हाई. दूध दत्ताच्या हाती पाठवलं. मंग एकदा गेलोच. म्हणालो, "पहिल्याच पट्टीला गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला खूश ठेवायला गावात लई लोक आहेत, चाचा," ती म्हणाली. "मला ते दूध प्यायचं असतं."

तेव्हापासून कॅन बर्फात ठेवूनच भोकरदनला नेतो. दत्ता कुरकुर करतो, करू दे. हॉटेलवाला परत आला न्हाई, मी त्याच्या दारात गेलो न्हाई.

परवा भाभींकडं दूध घेऊन गेलो. त्यांनी चहाला आधण ठेवलेलं होतं, तांब्यासाठी हात पुढं केला. मी दिला न्हाई.

"अगोदर बघा."

"भाईसाब, आता कुणासाठी?"

मी फळीवरचं तिचं पट्ट्यांचं पाकीट काढलं. मोरीवर जाऊन हात धुतले, कोरडे केले, पट्टी दुधात धरली. आधण उकळून अर्धं झालं, तरी आम्ही दोघं त्या कागदाकडं बघत राह्यलो… पांढरा होता. मंग मी तांब्या त्यांच्या हातात दिला.