लिहिणाऱ्या कोळ्यासमोर लग्न

आमच्या डोंगरात बागेतल्या काळ्या-पिवळ्या कोळ्याला लिहिणारा कोळी म्हणतात. जाळ्याच्या मधोमध तो पांढरी नागमोडी अक्षरं काढतो. त्याच्यासमोर कुणाचं नाव घेतलं की ते लिहून ठेवतो आणि तो माणूस वर्षाच्या आत जातो. त्याच्यापुढं तोंड उघडं राहिलं आणि त्यानं दात मोजले तरी तेच.

माझी शेजारीण ड्रुसी टॅलंट हे सगळं बायबलइतक्या कसोशीनं पाळायची. तिचा नवरा क्लीट त्यांच्या घराच्या ओसरीवर कोळ्याला स्वतःचं नाव ओरडून सांगून खिदळला होता. महिन्याभरात लाकूडतोडीवर झाड अंगावर पडून गेला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची. पुढं चाळीस वर्षं मोज्यांच्या गिरणीत राबली, पण ओसरीवर कुणाला नावानं हाक मारली नाही. मला ती 'लोणचं' म्हणायची. मक्याच्या मुलखातून, आयोवाहून राहायला आलेला लॉइड 'मका'.

सहासष्टाव्या वर्षी बाईसाहेब मक्याच्या प्रेमात पडल्या. लग्न तिच्या अंगणातल्या अक्रोडाखाली ठरलं होतं. ऐनवेळी सर आली आणि सगळं वऱ्हाड ओसरीवर चढलं. खांबाशी कोळी जाळं ताणून बसलेला. त्याला हुसकावणं तर आणखीच वाईट. सगळ्यांनी तोंडावर रुमाल धरले, पाद्रीबुवांनी टोपी.

"आमच्याकडे ह्याला मक्याचा कोळी म्हणतात," लॉइड म्हणाला. "बिचारा किडे खातो."

"आमच्या टेक्सासात चेनवाला कोळी, पँटच्या चेनीसारखी नक्षी काढतो म्हणून," त्याची बहीण रुमालाआडून म्हणाली.

"तिथं अडाणी असेल," ड्रुसी म्हणाली. "इथला शिकलेला आहे."

लॉइडनं कवळी काढून खिशात टाकली. "घे, मोज म्हणावं आता."

ओसरीभर हसू फुटलं, रुमाल निसटले. पाद्रीबुवा कसेबसे सावरले. "नावं घेतल्याशिवाय लग्न लागायचं नाही, बाई. लोणच्याच्या शेजारणीनं मक्याला वरलं, असं लिहू का कागदावर?"

ड्रुसीनं रुमाल तोंडावर आणखी घट्ट दाबला. मला वाटलं, ही आता लग्न मोडते.

"राहू दे," लॉइड बोळक्या तोंडानं म्हणाला. "मी मकाच बरा. लग्नाशिवायच येऊन बसत जाईन तुझ्यापाशी."

तिनं रुमाल फेकला आणि थेट जाळ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ड्रुसिला मे टॅलंट," सगळे दात दाखवत ती म्हणाली. "आणि लॉइड ब्रेनेके. लिहायचंच असेल तर दोघांना एका ओळीत लिही. या खेपेला मी एकटी मागं राहणार नाही."

लॉइड घाईघाईनं खिशात कवळी शोधायला लागला. 'हो' त्याला नीट म्हणायचं होतं.