दोन मोठे, एक लहान

शिकागोच्या विमानतळावर निरंजनने बोर्डिंग पास वाटले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो, सून केतकी आणि सात वर्षांची नात मीरा बाविसाव्या रांगेत. मी आणि चौदा महिन्यांची धाकटी नात रिया एकतिसाव्या रांगेत. "आई, रिया तुझ्याकडे पटकन झोपते ना," माझा मुलगा म्हणाला. रिया फ्रँकफर्टपर्यंत माझ्या मांडीवर होती. पाय आखडून गेले होते, पण मी खुशीत होते. आम्ही स्लोव्हेनियाला निघालो होतो आणि ते माझ्यासाठी निघालो होतो, अशी माझी समजूत होती.

नाशिकला पाटबंधारे खात्यात मी तीस वर्षं नकाशे आखले. सुटीच्या दिवशी ऑफिसातली आम्ही सहा-सात जणं किल्ले चढायचो. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या मी पावसाळा सोडून सगळ्या ऋतूंत चढले आहे. हे गेले आणि सहा वर्षांपूर्वी मी निरंजनकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला आले. इथे चढायला काही नाही, जमीन ताटासारखी सपाट. म्हणून यंदा फेब्रुवारीत निरंजन म्हणाला, "आई, तुला किल्ले आवडतात ना, म्हणून मुद्दाम हा देश शोधला, छोटासा आहे, पण डोंगर आणि किल्ले भरपूर," तेव्हा माझे डोळे भरून आले. बाहेर बर्फ होतं, म्हणून मी रोज बेसमेंटच्या पायऱ्या वीस वेळा चढउतार करायला लागले. लायब्ररीतून पुस्तकं आणली. किल्ल्याला तिथे 'ग्राद' म्हणतात, आभाराला 'ह्वाला', एवढं पाठ केलं.

ल्युब्ल्याना ही तिथली राजधानी. नदीच्या दोन्ही काठांना जुनी घरं, पिवळी, गुलाबी, फिक्या हिरव्या रंगाची, आणि मधोमध टेकडीवर ग्राद. पहिल्या सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी पोचलो. "आई, वर सगळे दगड आहेत, स्ट्रोलर जाणार नाही," निरंजन म्हणाला. "तू रियाला घेऊन इथे बस, आम्ही अर्ध्या तासात येतो. मग तू जा."

"जा तुम्ही, मी बसते," मी म्हणाले. समोरच्या बाजारात चेरी, मध, वाळवलेल्या अळंब्या विकायला होत्या. मी चेरी घेतल्या, बाकावर बसले. शेजारून काचेची डबी टेकडीवर चढत होती, रुळांवरची लिफ्टच म्हणा. त्या डबीत एक बाई बाबागाडी ढकलत शिरली. मागोमाग आणखी एक, जुळ्यांची रुंद गाडी घेऊन. मी ते नुसतं बघितलं. मंडळी दोन तासांनी उतरली. "सॉरी आई, वर कॅफे होता, वेळ कळलाच नाही. आता लंचचं रिझर्व्हेशन आहे, ते चुकेल." माझा वर जायचा विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी ब्लेड. हे तळं खरोखर सुंदर आहे, रागातसुद्धा सांगते. पाणी हिरवं, मधल्या बेटावर देऊळ, म्हणजे चर्च, आणि एका बाजूला शंभरेक मीटरचा उभा कडा, त्याच्या टोकावर ग्राद. खालून मला तटाची रेषा दिसत होती. कडा जिथे तुटका आहे तिथे भिंत बांधली होती, जिथे सरळ आहे तिथे नुसता कातळ ठेवला होता. आपल्याकडेही असंच करतात. मला जवळून दगडाचे सांधे बघायचे होते.

"आई, चढ फार स्टीप आहे. तुमच्या गुडघ्यांना नको," केतकी म्हणाली.

"माझे गुडघे ठीक आहेत."

"पण रियाची झोपेची वेळ आहे ना."

ते तिघं गेले. मी तळ्याकाठी बाबागाडी पुढे-मागे करत बसले. बेटाकडे 'प्लेत्ना' (छत असलेली लाकडी होडी) ये-जा करत होत्या. नावाडी प्रत्येक फेरीला मला विचारायचा आणि मी प्रत्येक फेरीला मान हलवायचे. येताना त्या तिघांनी माझ्यासाठी 'क्रेमना रेझिना' आणली, म्हणजे दोन खुसखुशीत पापुद्र्यांमध्ये घट्ट कस्टर्ड आणि साय घातलेली वडी. चांगली होती. मी ती रागाने खाल्ली.

तिसऱ्या दिवशी गाडीने व्रशिच खिंडीत गेलो. पन्नास वळणांचा घाट, प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून तो बांधून घेतला आणि कित्येक जण कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली गाडले गेले. वळणावळणावर अजून दगडी फरसबंदी आहे. मला एका वळणावर उतरून दरड अडवणारी भिंत बघायची होती. अठराव्या वळणाला रियाने माझ्या अंगावर उलटी केली. वर पोचल्यावर चुनखडीचे पांढरे सुळके अगदी हाताशी आले होते आणि मी पार्किंगमध्ये पाण्याच्या बाटलीने स्वेटर धूत होते. "आई, आम्ही पटकन एक फोटो काढून येतो," निरंजन म्हणाला.

चौथा दिवस प्रेदयामाचा. हा ग्राद एका उभ्या कड्यातल्या गुहेच्या तोंडात बांधलेला आहे. अर्धा किल्ला माणसाने बांधलेला, अर्धा डोंगराने. खालून बघितला आणि मी निरंजनला म्हणाले, "आज मी येणार."

"बघू," तो म्हणाला आणि मीराच्या बुटाची नाडी बांधायला वाकला. "आई, माझ्या फोनमध्ये तिकीट उघडून ठेव ना. ईमेलमध्ये आहे."

मी उघडलं. दोन मोठे, एक लहान. खाली ब्लेडचं तिकीट: दोन मोठे, एक लहान. ल्युब्ल्यानाचं: दोन मोठे, एक लहान. सगळं बुकिंग मार्चमध्ये केलेलं. मार्चमध्ये मी बेसमेंटच्या पायऱ्या चढत होते.

म्हणजे वेळ कळला नाही, लंच चुकेल, गुडघे, झोप, यातलं काहीही त्या त्या दिवशी घडलेलं नव्हतं. मी खाली बसायचं, हे नेपरव्हिलच्या डायनिंग टेबलावरच ठरलं होतं.

मी फोन निरंजनच्या हातात दिला, डायपरची बॅग त्याच्या खांद्यावर अडकवली आणि रियाला केतकीकडे दिलं.

"मी वर जातेय. माझं तिकीट मी काढते."

"आई, आपला टाइम स्लॉट आहे, असं मध्येच काय," निरंजन म्हणाला.

"तुमचा आहे. माझा कुठेच नाहीये. बघितलं मी."

मी तिकीट काढलं आणि पूल ओलांडून आत गेले.

आत काय बघितलं ते नीट सांगावं म्हणते, पण खरं हे की पहिली अर्धी फेरी मी मनात भांडत होते. खोल्यांतून गेले, जिने चढले आणि काही दिसलं नाही. मग एका खोलीत मागची भिंतच नव्हती. रचलेला दगड जिथे संपत होता तिथून ओला कातळ सुरू होत होता आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं. मी त्या सांध्यावर हात ठेवला. शेजारी एक पिकल्या केसांची पहारेकरीण उभी होती. हात लावू नका म्हणेल, असं वाटलं.

"गार आहे ना?" ती इंग्रजीत म्हणाली. "उन्हाळ्यात आम्ही सगळे इथेच येऊन उभे राहतो."

"हा दगड कातळात कसा बसवलाय?" मी विचारलं.

"हे आजवर कुणी विचारलं नाही. सगळे खजिना कुठे होता ते विचारतात." तिने मला एका कोपऱ्यात नेऊन खाच दाखवली. कातळ पायरीसारखा कापून त्यात पहिला थर रोवला होता. इथल्या बंडखोर सरदाराला शत्रूने वर्षभर वेढा घातला, पण गुहेतल्या भुयारातून त्याला रसद मिळत राहिली आणि तो वरून वेढा घालणाऱ्यांवर ताज्या चेरी फेकायचा, असं सांगतात. "ह्वाला," मी म्हणाले. तिने माझा उच्चार सुधारला.

मी दोन तासांनी उतरले. फोन वाजत होता, मी उचलला नव्हता. पार्किंगमध्ये रिया लालबुंद होऊन झोपली होती.

"केवढी रडली ती. निदान फोन तरी घ्यायचास," निरंजन म्हणाला. "आणि तूच रोज म्हणायचीस ना, जा तुम्ही, मी बसते?"

ते खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. "म्हणाले. अर्ध्या तासासाठी म्हणाले. तू ते आठ दिवसांसाठी मार्चमध्ये गृहीत धरलंस."

"तसं नव्हतं गं."

"निरंजन, पुरे," केतकी म्हणाली. ती गाडीला टेकून उभी होती. "आई, तसंच होतं. बुकिंग मी केलं. दीड वर्षात मी एक कप चहा बसून प्यायले नाहीये. मला सुटी हवी होती. तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर, म्हणून विचारलंच नाही."

"विचारलं असतंस तर अर्धे दिवस मी आनंदाने रियाकडे राहिले असते. मग किल्ल्यांची थाप कशाला मारलीत?"

केतकीने नवऱ्याकडे बघितलं. "ते मी म्हणालो," तो म्हणाला. "तू यावीस म्हणून."

केतकीवरचा माझा राग तिथेच निम्मा झाला. निरंजनवरचा झाला नाही. मीराने माझा हात धरला. "आजी, यू मिस्ड द डंजन," ती म्हणाली. त्यांच्या वेळेत ती आणि तिचा बाबा आत जाऊन आले होते. केतकी रियाला घेऊन बाहेर बसली होती.

पाचव्या दिवशी सकाळी मी एकटी बसने श्कोफ्या लोकाला गेले. कुणाला विचारलं नाही, सांगितलं. छोटं मध्ययुगीन गाव, रंगवलेल्या भिंतींची घरं, कमानीचा जुना दगडी पूल. हा पूल बांधून घेणारा बिशप, पुलाला कठडे नव्हते म्हणून घोड्यासकट नदीत पडून मेला, असं तिथले लोक सांगतात. कठडे गाळल्याचं बांधून घेणाऱ्यालाच भोवलं, हे ऐकून तीस वर्षं नकाशे काढलेल्या बाईला बरं वाटलं. मग टेकडीवरचा ग्राद चढले. कोपऱ्यावरचे गोल बुरूज, आत संग्रहालय, मागे फळबाग. गुडघे दुखले. बसले, पुन्हा चढले.

जेवायला 'झ्गांत्सी' (कुट्टूच्या पिठाची घट्ट उकड) मागवली. ती 'ओत्सविर्की', म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पेरून आली. मी ताट सरकवलं. वाढणाऱ्या मुलीने काही न विचारता दुसरं आणलं, सोबत वाडगाभर दही. गावी आजोळी खायचे तशी उकड आणि दही कालवून खाल्लं. त्या जेवणात मी कुणावरही चिडलेली नव्हते.

नेपरव्हिलला परतल्यावर मी मंगळवार आणि गुरुवार माझे असं सांगितलं. त्या दिवशी रिया डेकेअरला जाते. केतकीने फॉर्म त्याच आठवड्यात भरला. निरंजन काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. अजून त्याने माफी मागितलेली नाही आणि मी त्याची वाट बघणं सोडलेलं नाही.

परवा नदीकाठच्या आमच्या चालण्याच्या ग्रुपमध्ये एकीने विचारलं, "युरोप झालं म्हणे तुमचं. मुलगा घेऊन गेला, नशीबवान आहात." मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं. बायका चालता चालता थांबल्या. मग मंगलताई, ज्या कधी फारशा बोलत नाहीत, म्हणाल्या, "आम्ही गेल्या वर्षी यलोस्टोन केलं. मी गाडीत होते. नातू झोपला होता."

आम्ही पुन्हा चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या सुनेला भेटलात तर मी हे बोलले असं सांगू नका हं."

नवऱ्याच्या मागे एकटीने घर चालवलेली, सत्तरीची बाई हे म्हणत होती. माझा निवत आलेला राग पुन्हा चढला आणि मी तो निवू दिला नाही. घरी आले, कोट न काढताच टेबलाशी बसले आणि हे लिहायला घेतलं.