मालकाच्या सहीची जागा

तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईने उद्या सकाळी तुमच्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हटलं, "मी तुमच्याकडे काम करते, एवढ्यावर सही द्या" — तर द्याल?

लगेच हो म्हणू नका. मीही लगेच म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं — छापून वाटलं होतं.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला अर्धं माहीत आहे. संघटनेत कुणाला काहीच नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिला — थांबा. क्रमाने सांगते.

माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरी गादीखाली पत्रकं, पिठाच्या डब्याखाली पत्रकं. मी अक्षरं शिकले तीच 'कामगार बंधूंनो' वाचत. बाबा गेले, आई आणि मी खारघरला राहायला आलो, मला महाप्याला नोकरी लागली, आणि मी घरकामगार बायकांच्या एका छोट्या संघटनेसाठी पत्रकं लिहू लागले. मला ते छान जमतं. हे सांगतानाही अभिमान डोकावतो, बघा.

त्यातलं एक पत्रक नोंदणीबद्दल होतं. घरकाम करणाऱ्या बाईची सरकारदरबारी नोंद होऊ शकते. झाली तर अपघातात, आजारपणात मदतीसाठी अर्ज तरी करता येतो. त्यासाठी ती जिथे काम करते त्यांपैकी एका घराची सही लागते, आणि वय साठच्या आत हवं. मी लिहिलं होतं — 'बायांनो, सही मागा. सही ही भीक नाही. जो सही देत नाही तो तुमची चोरी करतो.'

शेवटचं वाक्य खास माझं.

कमलमावशी आमच्याकडे सहा वर्षं येत होत्या. मूळच्या जालन्याकडच्या. केर, फरशी, भांडी — आणि आईच्या गुडघ्यांना तेल लावणं, जे कामात कधी धरलंच नव्हतं. एका रविवारी त्यांनी पदराला हात पुसले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो फॉर्म काढला. सोबत माझं पत्रक. त्यांना वाचता येत नाही. लेकीने वाचून दाखवलं होतं.

"ताई, तुमीच लिवलंय म्हनं ह्ये?" त्या हसत होत्या. "बाकी तिनी घरांनी नाय म्हनलं. एक म्हनली, आज सही मागशील, उद्या कोर्टात खेचशील. म्या म्हनलं, ठिवा तुमची सही तुमच्यापाशी. आमची ताई हाय की!"

आईने मला आत बोलावलं. "कागदावर आलं की रजा आली, बोनस आला. तू दिवसभर महाप्याला. माझे गुडघे बघ. उद्या ती ऐकेल का?"

आईवर ढकलून मोकळी होऊ? सोपं आहे. पण आईने सही करू नकोस असं म्हटलं नव्हतं. मी बाहेर आले, पेन उघडलं, आणि फॉर्मवर छापलेलं वाचलं — 'मालकाचे नाव व सही'. मालक? मी? माझं नाव त्या शब्दाखाली? संघटनेत कुणी पाहिलं तर? आणि मालक झाले की महिन्याच्या चार सुट्ट्या मलाच द्याव्या लागणार होत्या. पत्रकात मी चार मागत होते. घरी आम्ही दोन देत होतो — त्याही कुरकुरत.

"ठेवा मावशी," मी म्हटलं. "भरते आणि मीच नेऊन देते. तुमचा खाडा नको."

त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

फॉर्म मी पत्रकांच्या गठ्ठ्यात सरकवला. आठवड्याने त्यांनी विचारलं. मी म्हटलं — "दिला." दोन अक्षरं. पुढच्या आठवड्यात खरंच देईन असं वाटलं होतं का? नाही. मला वाटलं होतं, त्या विसरतील.

त्या विसरल्या नाहीत. वस्तीत सगळ्यांना सांगून आल्या, आपलं नाव लागलं बाई सरकारात.

दिवाळीच्या साफसफाईत त्या आमच्याच घरी स्टुलावरून पडल्या. पंखा पुसायला मी सांगितलं होतं. उजवं मनगट मोडलं. दवाखान्याचा खर्च आम्ही केला — हे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. हाड वाकडं जुळलं. फडकं पिळणं, कढई घासणं, बादली उचलणं — सगळं त्याच हाताचं. प्लास्टर असतानाच त्यांनी विचारलं, "ताई, त्या नोंदनीचं काय मिळंल का आता?"

आणि मी म्हटलं, "मावशी, सरकारने तुमचा अर्ज नाकारला."

इथेही थांबले नाही. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं — 'मनगट मोडलेल्या बाईला सरकार विचारतं, तू कोण?' माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. सीवूड्सच्या सभेत ते मोठ्याने वाचलं गेलं. टाळ्या पडल्या. कमलमावशी पहिल्या रांगेत होत्या, हात झोळीत. टाळी वाजवता येईना, म्हणून डावा तळवा मांडीवर आपटत होत्या.

मार्चमध्ये त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. तारीख मला माहीत होती — आधारची झेरॉक्स फॉर्मलाच टाचलेली होती. मधले चार महिने मी एकेक दिवस करत जाऊ दिले. नवा फॉर्म भरला असता तर नोंदणीच्या खिडकीवर विचारलं असतं, आधी कधी अर्ज केला होता का? आणि मावशींनी माझ्याकडे पाहिलं असतं.

मी चोरी केली. माझ्याच वाक्याप्रमाणे.

आता त्या लेकीकडे असतात, तळोज्याला. वाकड्या मनगटाची बाई कोण ठेवणार? आम्हीही ठेवली नाही. हे छापून येण्याआधी मी त्यांच्याकडे जाणार आहे, तो फॉर्म घेऊन, आणि हे शब्दन् शब्द वाचून दाखवणार आहे. त्या काय म्हणतील ते तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यांचं काहीही मी आता पुन्हा छापणार नाही.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण उद्या सकाळी तुमच्या दाराची बेल वाजेल. तिला आत घ्या आणि आधी वय विचारा. फॉर्म आणायला सांगा. 'मालक' छापलंय त्याखाली तुमचं पूर्ण नाव लिहा, तिच्यासमोर सही करा — आणि कागद तिच्याच हातात द्या. मीच नेऊन देते, असं म्हणू नका.