हिंगाच्या डबीतली मशेरी

मी मशेरी लावत होते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं, आणि लपवाछपवी करण्यात माझी इतकी वर्षं गेली आहेत की आता कागदावर तरी ती नको.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची आणि ती पूड बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्या कोकणातल्या गावात बायकांची सकाळ चहाच्याही आधी अशी सुरू व्हायची. माझा एक दुधाचा दात ओढून काढला तेव्हा रक्त थांबेना, म्हणून आईनं त्या खड्ड्यात चिमूटभर मशेरी दाबली. डोकं गरगरलं, उलटी झाली, पण रक्त थांबलं. बाराव्या वर्षी मला रोजची सवय होती. पुढे मी डी.एड. केलं, शाळेत नोकरी लागली, लग्न होऊन विरारला मनवेलपाड्यात आले, वर्गात मुलांना दात कसे घासावेत ते फळ्यावर चित्र काढून शिकवलं, आणि स्वतःच्या बोटाचं काळं काही सुटलं नाही. एक दिवस चुकला तर पोट साफ व्हायचं नाही आणि डोकं दगडासारखं जड व्हायचं.

आमचे हे मुंबईत वाढलेले. त्यांच्या घरात कुणी मशेरीला हात लावला नव्हता. लग्नानंतर दुसऱ्याच सकाळी मला मोरीपाशी गाल फुगवून बसलेली पाहून त्यांनी तोंड फिरवलं.  मग मुलीचं बारसं झालं त्या दिवशी पाहुणे गेल्यावर त्यांनी पाळण्यातल्या पोरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हिच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग, सोडली म्हणून." मी हात ठेवला. तेव्हा मनापासून ठेवला होता. अकरा दिवस तोंडात काही गेलं नाही.

बाराव्या दिवशी अर्नाळ्याची मावशी आली. ही मासे विकायला आमच्या बिल्डिंगमध्ये आठवड्यातून दोनदा यायची, आणि तिच्या पाटीत बोंबलांच्या बाजूला कागदाची एक पुडी असायची. घरी तंबाखू भाजली तर सगळा जिना खोकत बाहेर येतो, म्हणून बिल्डिंगमधल्या आम्ही दोघीतिघी तिच्याकडूनच भाजलेली घ्यायचो.

"घे बाय, कालच भाजलीय," ती म्हणाली. "पान्याचा हात लावू नको हां, नायतर खराब होईल."

मी घेतली. घरी हिंगाची पिवळी डबी रिकामी झाली होती, तीत ओतली. हिंगाच्या वासात कुठलाही वास दडतो. हे सकाळी सहाला फोर्टातल्या ऑफिसला निघायचे, माझी शाळा दुपारची. त्यामुळे मला रान मोकळं होतं. तापानं पोर फणफणली की मात्र मी त्या डबीकडे बघत नसे. ताप उतरला की पुन्हा बघायला लागायची. आठ वर्षं असं चाललं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या हिरड्या दातांपासून सुटायला लागल्या. वरचे पुढचे दोन दात आधी लांब दिसायला लागले, मग त्यांच्यात फट पडली, मग जिभेनं ढकलले की हलायचे. सकाळी तोंडाला घाण वास. दुखत मात्र फारसं नव्हतं आणि रक्तही येत नव्हतं. त्यामुळे माझी समजूत अशी की मशेरी आहे म्हणून निदान इतकं तरी टिकलंय. आमच्याकडे प्रत्येक बाई हेच म्हणायची, आणि साठीला आलेली प्रत्येक बाई बोळकी होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं डोकं मला झालं नाही. वर्गात मी पदर तोंडाशी धरून शिकवायला लागले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं पाटी उचलून नाकापर्यंत नेली, त्या दिवशी घरी येऊन मी यांना म्हटलं, "मला दातांच्या डॉक्टरकडे न्या."

स्टेशनच्या पूर्वेला एका तरुण मुलीनं नवा दवाखाना टाकला होता. दवाखाना म्हणजे एक गाळा, मध्ये पडदा, पलीकडे खुर्ची. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान असेल. मी शाळेत शिकवते म्हटल्यावर मला 'बाई' म्हणायला लागली. तिनं एक बारीक सळई हिरडीत घालून प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजली आणि वहीत आकडे लिहिले. मग विचारलं, "तंबाखू, मशेरी, असलं काही लावता का बाई?"

हे माझ्या उशाशी उभे होते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"नाही," मी म्हटलं.

"आधी कधी?"

"लहानपणी. आता नाही."

तिनं एक्स-रे दिव्यासमोर धरला. दाताभोवतीचं हाड झिजलं होतं. "कमाल आहे," ती म्हणाली, "इतकं हाड गेलंय, तर हिरडीतून रक्त यायला पाहिजे होतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे पाहत राहिले.

तिनं मनापासून उपचार केले. दोन वेळा बोलावून दातांवरचं कीटण काढलं. ब्रश कसा तिरपा धरायचा ते माझ्या हातात हात घेऊन शिकवलं, आणि मी सुद्धा पहिलीतल्या पोरासारखी मान डोलावत शिकले. फरक पडेना तेव्हा म्हणाली, पुढची हिरडी उघडून आतून साफ करावी लागेल, मग टाके घालू, मग हिरडी दाताला धरेल. दोन दात वाचवायचे असतील तर एवढा एकच उपाय उरला होता. मला ते दात हवे होते. माझी चाळिशी यायची होती, वर्गात साठ पोरं होती, आणि मला पदर न धरता हसायचं होतं.

ऑपरेशन झालं. यांनी तीन दिवस रजा घेतली, भात मऊ करून घातला, मिठाच्या गुळण्यांचं पाणी कोमट करून दिलं. बायकोचं इतकं कुणी करत नाही. आणि मी तीन दिवस त्या डबीचाच विचार करत होते. चौथ्या दिवशी ते कामावर गेले. हिरडी ठणकत होती, डोकं फुटत होतं, आणि मनात सारखा आईनं दाबलेला तो खड्डा. रक्त तेव्हा थांबलंच होतं की. वाटलं, थोडी लावते, बाजूला लावते. बाजूला लावली. दुपारी टाक्यांवर लावली. ठणका थांबला. पुढचे चार दिवस लावली आणि दवाखान्यात जायच्या दिवशी तोंड पाच वेळा धुतलं.

तिनं टाके काढले. हिरडी दाताला धरली नव्हती, उलट आणखी वर सरकली होती. कडा पांढुरक्या पडल्या होत्या आणि दातांची मुळं उघडी दिसत होती. आरशात मी पाहिली आणि मान वळवली.

"गोळ्या वेळेवर घेतल्यात?"

"हो."

"गुळण्या?"

"केल्या."

"ब्रश नाही ना लावला?"

"नाही."

सगळी उत्तरं खरी होती. ती पडद्याआड गेली आणि तिनं फोन लावला, बहुतेक तिच्या कॉलेजातल्या सरांना. पडदा कापडाचा, सगळं ऐकू येत होतं. "सर, माझंच काहीतरी चुकलंय," ती म्हणत होती. "पेशंटनी सगळं पाळलंय. बाई शिक्षिका आहेत. टाके मी जास्त ओढले असतील." मग बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर." मी तोंडात कापसाचे बोळे घेऊन बसले होते. बोळे काढून हाक मारायला काही लागत नव्हतं. मी मारली नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "सॉरी बाई," आणि मी तिच्या हातावर थोपटून म्हटलं, "असू दे गं, होतं असं." हे थोपटणं मला आजही आठवतं तेव्हा स्वतःची किळस येते.

तीन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. त्यांच्या हिरड्यांतून पू येत होता. माझ्याच सांगण्यावरून त्या त्याच दवाखान्यात गेल्या होत्या. "ती म्हणते, हिरडीचं ऑपरेशन मी करत नाही, मुंबईला जा," वहिनी सांगत होत्या. "मुंबईला मला कोण नेणार? असू दे, पडतील ते पडतील." त्या आपल्या घरात गेल्या. मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. चांगल्या हाताची मुलगी होती. माझ्या एका 'नाही'मुळे तिनं हात आखडता घेतला होता, आणि त्यात आता तिसऱ्याच बाईचे दात जाणार होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेले. एकटीच. पर्समधून डबी काढली आणि तिच्या टेबलावर ठेवली. तिला वाटलं मी खायला काही आणलंय. ती हसली सुद्धा. मग झाकण उघडलं, वास घेतला.

"कधीपासून?"

"बाराव्या वर्षापासून."

"ऑपरेशननंतर?"

"चौथ्या दिवसापासून. टाक्यांवरच."

मला वाटलं होतं समजूत घालेल, निदान बरं केलंत सांगितलंत म्हणेल. तिचा चेहरा लाल झाला. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं. तीन महिने मी ते टाके आठवून आठवून बघतेय, कुठे चुकलं म्हणून. दोन पेशंट परत पाठवले मी. तुम्ही इथे बसून ऐकत होतात ना फोन?" मी हो म्हटलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. एका मुलीला आपण रडवलंय आणि तिनं रडू आवरावं म्हणून वाट बघतोय, असा तो वेळ होता.

मग डोळे पुसून ती खुर्चीपाशी आली आणि मला बसवलं. पुढचे दोन दात काढावे लागतील, बाकीचे राहू शकतात, पण मशेरी आजच्या आज बंद. आणि घरी सांगायचं. घरच्यांना माहीत असल्याशिवाय ती यापुढे माझ्या तोंडाला हात लावणार नव्हती.

संध्याकाळी हे चहा पीत होते तेव्हा सांगितलं. मी सगळं सांगितलं, हिंगाच्या डबीपासून टाक्यांपर्यंत. ते कपात बघत राहिले. मुलगी शेजारी बसून गृहपाठ करत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिच्या डोक्यावर हात ठेवला होतास," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी भांडण केलं नाही, अबोला धरला नाही, नेहमीसारखी भाजी आणली. भांडले असते तर बरं झालं असतं.

मी सोडली. यावेळी खरोखर सोडली. पहिले पंधरा दिवस मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते, वर्गात खडू फेकून मारत होते. मावशी पाटी घेऊन आली की मी दार लोटून घ्यायची. बाहेरून ती म्हणायची, "काय गं बाय, रुसलीस का?" तिचा काय दोष! तिच्या स्वतःच्या तोंडात चार दात उरले होते. तिसऱ्या आठवड्यात ब्रश करताना बेसिन लाल झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हिरड्यांतून असं रक्त आलं आणि मी घाबरून दवाखाना गाठला. म्हटलं, बघा, सोडली तर हे झालं. ती म्हणाली, तंबाखूनं हिरडीतलं रक्तच आखडलं होतं, आजार आत झाकून ठेवला होता, आता तो दिसायला लागलाय एवढंच. नीट साफ ठेवलंत तर महिन्याभरात थांबेल. आणि थांबलं. दोन दात काढले, तारेवर बसवलेले दोन खोटे आले. वहिनींच्या हिरड्यांचं ऑपरेशन तिनं स्वतः केलं, ते छान भरलं. बाकीचे माझे दात घट्ट झाले नाहीत, पण हलायचे थांबले.

सात महिन्यांनी तपासायला बोलावलं. रविवार होता, म्हणून हे बरोबर आले. मी खुर्चीत बसले. तिनं वही उघडली, जुने आकडे पाहिले आणि पेन हातात घेऊन विचारलं, "मशेरी?"

"बंद आहे," मी म्हटलं. सात महिन्यांत कणभर लागली नव्हती. इतकं खरं मी त्या खुर्चीत कधी बोलले नव्हते.

तिनं ते लिहिलं नाही. पेन तसंच धरून तिनं मान वर केली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या यांच्याकडे पाहिलं. मला यांचा चेहरा दिसत नव्हता. 

"ती म्हणते, बंद आहे," हे म्हणाले.

डॉक्टरनं मान हलवली, दिवा माझ्यावर ओढला आणि म्हणाली, "तोंड उघडा, बघते."