उकल आणि भर

जव्हार संस्थानात खरं बोलणारी माणसं पुष्कळ होती. पण समोरच्याचं खरं बोलणंसुद्धा पोकळ आहे की भरीव, हे वाजवून पाहणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा धाकटा दीर होता. कचेरीत नकला उतरवणारा कारकून म्हणून मी लागलो तेव्हा आत्याकडेच राहायला गेलो. तिचा हा दीर, म्हणजे आमचे काका, त्याच कचेरीत जबान्या लिहून घेत. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. परीक्षा राहिली, पण एक गोष्ट डोक्यात बसली ती कायमची. कुठलंही विधान एक तर विश्लेषक असतं, नाही तर संश्लेषक. घरात ते त्यांना 'उकल' आणि 'भर' म्हणत. "ब्रह्मचाऱ्याचं लग्न झालेलं नसतं, ही उकल," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "शब्द सोडवला की आतून तेच निघतं. घरबसल्या खरं. पण ब्रह्मचारी सुखी असतो, ही भर. शब्द कितीही पिळलास तरी ते त्यातून गळणार नाही. उठून जाऊन ब्रह्मचारी पाहावा लागतो."

"आणि साफ खोटी भर!" आत्या चुलीपासून ओरडली. काकांचं लग्न झालेलं नव्हतं.

कचेरीत या वेडाने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. साक्षीदार म्हणाला, "रावसाहेब, चोर तो चोरच," की काका टाक खाली ठेवत. "उकल झाली. कागद वाया जातो. भर घाल." एकदा वरच्या साहेबांनी हुकूम लिहिला, की गैरहजर इसम हजर नव्हता, तेव्हा काकांनी तो 'मजकूर निर्विवाद, परंतु बातमी कोणती?' असा शेरा मारून परत पाठवला. साहेब आठवडाभर बोलले नाहीत. संध्याकाळी आम्ही शिरपामाळाकडे फिरायला जात असू. तिथे एकदा पोस्टमास्तर सहज म्हणाले, "पावसाळ्यात पाऊस पडायचाच." काका थांबले. "पाऊस पडतो त्यालाच पावसाळा म्हणत असाल तर घरी बसा. आषाढात पडतो म्हणत असाल तर छत्री घ्या." तेव्हापासून पोस्टमास्तर वाट बदलून फिरू लागले.

आत्याचे यजमान, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, नोकरी शोधतो म्हणून डहाणूच्या रस्त्याने गेले ते परत आले नव्हते. पत्र नाही, निरोप नाही. आत्या रोज ठसठशीत कुंकू लावायची. मी राहायला गेलो त्याच वर्षी त्या गोष्टीला बारा वर्षं झाली आणि जोशीबुवा दारात उभे राहिले.

"बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही तो मृत समजावा. दर्भाचा पुतळा करून दहन उरकू. मग वहिनींचं..." त्यांनी वाक्य तोडलं. पुढे कुंकू, बांगड्या आणि केस होते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काका शांतपणे म्हणाले, "समजावा म्हणजे तुम्ही शब्दाचा अर्थ ठरवलात. 'बेपत्ता'च्या पोटात 'मृत' घातलात आणि आता तोच बाहेर काढून दाखवताय. यात आमचा दादा कुठे आहे? दादा गेला, ही भर आहे, बुवा. कोणी पाहिलं?"

"मग तुम्हीच पाहा!" असं म्हणून बुवा चिडून गेले. आत्या दारामागे उभी होती. हाताला लागलेलं पीठ तिथेच वाळलं होतं.

दिवाळीच्या सुमारास पोशेरा गावचा एक शेतकरी कचेरीत साक्षीला आला. नाव सांगायचं सोडून तो काकांकडेच बघत राहिला. "तुझा भाऊ व्हता का रं? असाच नाक. आमचेकडं एक बामन मेला. चार पावसाळं झालं."

काकांचा टाक थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे चालत निघालो, मोखाड्याला मुक्काम केला आणि सकाळी पोशेऱ्याला पोचलो. नाचणीची कापणी चालली होती. त्या शेतकऱ्याची म्हातारी आई कणसं झोडता झोडता उठून आली.

"तिरंबकाकडून आला. अंगात ताप. माझे ओटीवर तीन दिस ऱ्हायला."

"त्याला मरताना तू पाहिलंस?" काकांनी विचारलं.

"मी नाय त कोनी पाहला? पानी मीच पाजला. घरी जाताव, म्हनला. घर कुठं इचारला, त निसता हसला." ती आत गेली आणि एक अडकित्ता घेऊन आली. काकांनी तो उलटा करून पाहिला. त्यावर त्यांच्या वडिलांच्या नावाची दोन अक्षरं कोरलेली होती. बराच वेळ त्यांनी तो हातात धरला. मग म्हातारीच्या हातात परत ठेवला. "ठेव तुझ्याकडेच."

घरी पोचलो तेव्हा आत्या ओट्यावरच होती. "काय कळलं, भाऊजी?"

काका वहाणा काढत राहिले. "वहिनी, पोशेरा म्हणजे पोशेरा. तिथली माणसं म्हणजे तिथलीच माणसं." इतकं पोकळ वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आत्याने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "पाय धुऊन घ्या. पानं वाढते," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी तिने विचारलं नाही. जोशीबुवांनी मात्र रस्त्यात गाठलंच. "पाहिलंत का?" "पाहायला गेलो होतो," काका म्हणाले आणि चालू लागले. आत्याचं कुंकू राहिलं. आळीतल्या काहींनी आमच्याकडे पाणी पिणं सोडलं, तेही राहिलं.

पुढे दरवर्षी कापणीच्या दिवसांत काका चार दिवस रजा काढून पोशेऱ्याला जात. म्हातारीसाठी लुगडं नेत. आत्या शिदोरीत तिळाचे दोन लाडू बांधून द्यायची. काका तीळ खात नसत. ते लाडू कोणाच्या आवडीचे, हे मी कधी विचारलं नाही. जव्हार सोडण्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ओढ्याकाठी, जिथे आत्याच्या यजमानांना अग्नी दिला होता, तिथे म्हातारीने चार दगड मांडून जागा झाडून ठेवली होती. काकांनी लाडवांची पुडी सोडून दगडापाशी ठेवली आणि खाली बसले. म्हातारी थोडी लांब बसली.

"तुझे घरी कोन हाय?" तिने विचारलं.

"वहिनी आहे."

"बरी हाय?"

"बरी आहे," काका म्हणाले, आणि त्यातला एक लाडू तिच्यापुढे केला.