तळ्याच्या पाळीवरची सात नावं

"तुह्या डोयानं पाह्यलं का?"

मोळी ओसरीवर टाकली की बाई आधी हेच विचारायची. तिला वाचता येत नसे. पण मी वहीत जे काही लिहीत असे, ते तिच्या लेखी अर्धंच खरं. अशी उलटतपासणी घेणारं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या वर्ध्याच्या गल्लीत ही गोंड बाई होती, दर बाजाराला जळण विकायला येणारी.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी जुन्या तलावांवर प्रबंध लिहायला सांगितला होता. पंधरा दिवस लायब्ररी धुंडाळली. बाईच्या गावच्या तळ्याबद्दल एका जाड इंग्रजी अहवालात एकच ओळ सापडली: हे तळं मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, खोदलं. आठवडा उरला होता आणि पानं कोरी.

ती ओळ मी तिला वाचून दाखवली.

"मालगुजारानं? कुदय धरता येत होती काय त्याले? चाल माह्यासंगं."

आईला कसंबसं मनवून मी दुसऱ्या दिवशी तिच्यामागे चालत गेले. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली, मग तिने खोदणाऱ्यांची सात नावं घेतली, देवापुढे घ्यावीत तशी. पाळ कुठे फुटली, बुजवताना कोण दबून मेलं, ती जागाही दाखवली. माझी अर्धी वही भरली.

सरांनी वही चाळली. "छान. पण आधार काय? कुणी सांगितलं म्हणजे आधार होत नाही."

बाईला हे सांगितलं मात्र, ती तडक माझ्याबरोबर कॉलेजात आली.

"बाई, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"मायनं. तिले तिच्या मायनं. तुमच्या बुकाले कोनं सांगतलं, गुरुजी?"

सरांनी अहवाल उघडला. त्या ओळीला कसलाच आधार दिलेला नव्हता. ते बराच वेळ पानं उलटत राहिले आणि मग हसलेच.

"दोन्ही लिहा. खाली टिपेत बाईंचं नाव, गाव द्या."

मी तिथेच नाव लिहून तिला वाचून दाखवलं.

"मायचंबी टाक नं. सांगतलं तं तिनं."

तेही टाकलं. छातीवरचा धोंडा उतरला.

पुढे मी नोकरीसाठी नागपूरला गेले. सुटीत आले तेव्हा मोळी दुसरीच बाई आणत होती. "गेली थे, तापानं," तिने सांगितलं.

मला ती दिसते ती त्याच दुपारची. कॉलेजच्या पायरीवर फडकं सोडून बसलेली, अर्धी भाकर माझ्यापुढे धरून.

"खाय आता. किती सुकली वं पोरी."